विरहिणीचा कडा

१२ फेब्रुवारी

दीपगृह अतिथिगृहाच्या मालकीणबाईंस,

रविवारी, ११ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तुझ्या बोटीवर, तुझ्या माणसाने भरल्या बोटीसमोर तुझ्या-माझ्या आईला कड्यावरून खाली टाकलं. आई त्या वेळी तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. अंगावर शाल, हातात पाण्याची बाटली. आणि ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, जाणून घ्यायचंही नाही. बोटीवरचे खलाशी त्याला भोंगा म्हणत होते, आणि ते बरोबरच होतं. बोट दक्षिण टोकाला वळली तसा त्याने इंजिनाचा आवाज कमी करायला लावला, स्वतःचा गळा भरून आणला आणि कर्णा तोंडाला लावला. दीपगृहाच्या रखवालदाराची म्हणे एक तरुण बायको होती. नवरा वादळात बुडाला. ती रोज दिवसा आपलं पांढरं वस्त्र वर काचेला बांधायची, नवऱ्याला लांबून दिसावं म्हणून. संध्याकाळी दिवा लावून वाट बघायची. शेवटी एका संध्याकाळी तिने दिवा लावला आणि या कड्यावरून समुद्रात उडी घेतली. तेव्हापासून हा विरहिणीचा कडा. भरतीच्या वेळी अजून तिचे हुंदके ऐकू येतात.

हुंदके. खडकाच्या भोकातून पाणी वर येताना जो आवाज होतो, त्याला तू लहानपणी समुद्राची ढेकर म्हणायचीस. ढेकरेचे हुंदके कधी झाले, तेवढं एकदा कळव.

पुढचं ऐक. आईने हात वर केला, वर्गात करतात तसा. भोंगा म्हणाला, बोला आजी. आईने विचारलं, "उडी कुठून मारली?" त्याने बोट दाखवलं. आईने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि म्हणाली, "तिथून मारली तर पाण्यात नाही पडायची. खाली खडकाची पायरी आहे. फार तर गुडघा फुटेल."

बोट हसली. तुझा माणूस काही कच्चा नाही. तो म्हणाला, "आजी, प्रेमात पडलेल्याला खडक दिसत नसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर डोळे पुसले.

मी किनाऱ्याचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी घालवली. त्या टोकाभोवतीचा खडक न् खडक माझ्या हाताने कागदावर उतरला आहे. आई म्हणाली ते अक्षरशः खरं आहे. पण खडकाचं सोड. तुला आणि मला दोघींना माहीत असलेल्या गोष्टी मी इथे लिहून ठेवते, कारण तुझी स्मरणशक्ती धंद्याबरोबर बदलत चाललेली दिसते.

एक तर आपले वडील बुडाले नाहीत. सामानाच्या बोटीतून शहरात जाऊन येतो म्हणून गेले आणि पूर्वेकडच्या एका बंदरात दुसरा संसार थाटून बसले. हे ऐकीव नाही. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असताना ते एकदा भेटायच्या दिवशी आले होते. केस चापून बसवलेले, बुटांना पॉलिश, आणि माझ्यासाठी पेन्सिलींचा डबा. बुडालेली माणसं इतकी नीटनेटकी नसतात.

आणि ते पांढरं वस्त्र. ते भिंगाचे पडदे होते, बये. दिवसा पडदे लावले नाहीत तर एवढ्या मोठ्या भिंगातून ऊन एका जागी गोळा होतं आणि दिवाच पेटतो, नाहीतर खालचं गवत. शाळेतून सुट्टीला आले की पडदे माझे आणि एरवी तुझे, अशी आपली वाटणी होती. तू स्टुलावर चढून ते बांधायचीस. त्या पडद्याचं तू विरहिणीचं वस्त्र केलंस आणि तिकीट लावलंस.

पण सगळ्यात संतापजनक गोष्ट उडी नाही. 'वाट बघायची' हे आहे. नवरा निघून गेल्यावर आपल्या आईने वाट बघितली नाही, काम केलं. दिवा फिरवणारी वजनं रोज वर ओढली, काचा चामड्याने पुसल्या, रॉकेल भरलं, तुला पाठीला बांधून जिने चढली. पावसाळाभर तपासणीची बोट आली नाही, आणि रखवालदार जागेवर नाही हे खात्यात कुणालाही कळलं नाही, कारण दिवा एकदाही चुकला नाही. त्या सबंध किनाऱ्यावर सांगण्यासारखं जर काही घडलं असेल तर ते हे. आणि ते तू रडक्या बाईला देऊन टाकलंस.

ही गोष्ट उद्यापासून बंद व्हायला हवी. तसं लेखी कळव.

तुझी मोठी बहीण


२६ फेब्रुवारी

धाकटीस,

मी लेखी उत्तर मागितलं होतं. तू चार वेळा फोन केलास आणि मग एक पाकीट पाठवलंस. पाकिटात तुझी माहितीपुस्तिका, दोन रात्री फुकट राहण्याचं कूपन आणि चिठोरं. चिठोऱ्यावरचा मजकूर मी जसाच्या तसा उतरवते, म्हणजे नंतर तू 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणायला नको:

"मडम, आईला घेऊन तू बोटीत बसतेस. बोट माझ्या धक्क्याला लागते. धक्क्यावरून माझं दार दिसतं. तू आत येत नाहीस. आधी त्याचं उत्तर दे."

उत्तर असं: ओहोटी होती आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. आईचं वय बघता तिला त्यावरून चढवणं शहाणपणाचं नव्हतं. यापेक्षा जास्त उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. आईने पायऱ्यांकडे बघून काही म्हटलं का, असं तू फोनवर विचारलंस. ती म्हणाली, कुणीतरी चुना टाकायला हवा इथे. बस.

आणि मला मडम म्हणणं सोड. नऊ वर्षांच्या मुलीला बोटीत बसवून नन्सकडे पाठवलं ही काही मी केलेली चैन नव्हती. तिथे सकाळी गार पाण्याने अंघोळ होती आणि खोटं बोललं की जेवण बंद. तुला तिथे पाठवलं असतं तर तू उपाशी मेली असतीस.

आता तुझी पुस्तिका. 'दक्षिण किनारा: इतिहास, निसर्ग आणि एक अमर प्रेम.' इतिहासाला एक पान, निसर्गाला दोन, अमर प्रेमाला सात. मुखपृष्ठावर कड्याच्या टोकाशी उभी राहून केस उडवणारी मुलगी कोण? ती आईसारखी दिसत नाही. आईने त्या टोकावर केस मोकळे सोडले असते तर वाऱ्याने तासाभरात त्यांची दोरी केली असती.

तू फोनवर म्हणालीस की खरी गोष्ट सांगितली तर एक खोली भरणार नाही, लोक काय काच पुसणारी बाई बघायला येतात का. तर मग मी विचारते, तुला त्या किनाऱ्यावर राहून दिसतं तरी काय? ओहोटीला काळा खडक सपाट उघडा पडतो आणि त्यातल्या प्रत्येक खळग्यात वेगळ्या रंगाचं पाणी असतं, ते कुणाला दाखवतेस का? नदीचं तांबडं पाणी समुद्रात बराच आत जाईपर्यंत हिरव्यात मिसळत नाही, मधली रेघ बोटीतून हाताने शिवता येते. तिथे बोट थांबवतेस? जुन्या धक्क्यावर परदेशी गलबतं बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत, आणि दोरांनी घासून घासून दगडात खोबणी पडल्या आहेत. त्या खोबणीत बोट फिरवलं की इतिहास कळतो, पुस्तिका लागत नाही. जकातघराच्या भिंतीत जहाजांची भंगारातली लाकडं बसवलेली आहेत. वाळूचा दांडा दर वर्षी जागा बदलतो. त्याच्यापायी मी अर्धं आयुष्य नकाशे खोडत बसले आणि एकदाही मला त्याचा कंटाळा आला नाही. असा किनारा ज्याच्या दारात आहे त्याला मेलेली बाई उसनी आणावी लागते, याला काय म्हणावं?

हे मी तुझ्या सोयीसाठी लिहिलेलं नाही. पुस्तिकेत छापशील तर याद राख.

आता मुद्द्याचं, कारण प्रकरण आता बोटीपुरतं राहिलेलं नाही. माझ्या निवृत्तीनंतर माझ्या टेबलावर बसणारी बाई परवा मला फोन करून विचारत होती की नकाशाच्या नव्या आवृत्तीत दक्षिण टोकाला 'विरहिणीचा कडा' असं नाव घालायचं आहे, तुम्हाला त्याबद्दल काही माहिती आहे का. मी तिला ते नाव पुन्हा वाचायला लावलं. एकदा सांगितलेलं मला पुन्हा विचारावं लागत नाही, ते तुला माहीत आहे.

अर्ज तू केला आहेस. नियम तुला कुणीतरी चांगला समजावलेला दिसतो, पण पूर्ण समजावलेला नाही, म्हणून सांगते. नकाशात नाव घालायचं तर जागेवर राहिलेल्या दोन जुन्या माणसांनी साक्ष द्यावी लागते की इथले लोक या जागेला असंच म्हणत आले आहेत. कार्यालयात बसून कुणाच्या मनात आलं म्हणून नाव पडत नाही. हा नियम पाळत मी कितीतरी मोठ्या लोकांना परत पाठवलं आहे. एक साक्ष तू दिलीस. दुसरी साक्ष देण्याइतकं जुनं माणूस त्या टोकाचं कोण उरलं आहे? मी नऊ वर्षांची असताना निघाले, मला धरत नाहीत. मासेमारांची वस्ती पलीकडच्या खाडीत होती. राहिली एक बाई.

म्हणजे जी उडी मारून मेली, तिनेच येऊन सही करायची की होय, मी इथूनच मेले.

तू हा विचार केला होतास की नाही, हे मला कळत नाही. केला नसशील तर मूर्ख आहेस. केला असशील तर त्यापेक्षा वाईट.

एकदा नाव नकाशात गेलं की ते निघत नाही. दीपगृह पडेल, तुझं अतिथिगृह बंद पडेल, आपण तिघी जाऊ, आणि जहाजावरचा कुणी परका माणूस कागदावर बोट ठेवून विचारेल, ही विरहिणी कोण. आणि त्याला तुझा भोंगा सांगतो तेच सांगितलं जाईल. अर्ज मागे घे.

कूपन परत पाठवत आहे.

तुझी मोठी बहीण


१४ मार्च

ठमे,

ही हाक बघून पाघळू नकोस. आई शेजारी बसली आहे आणि 'धाकटीस' काय लिहितेस, ती काय सरकारी कचेरी आहे का, असं म्हणाली म्हणून बदललं.

मंगळवारी कार्यालयातली बाई घरी आली होती. चांगली बाई आहे, फक्त फार हळू बोलते. मी तिला आधीच सांगितलं होतं की आईला ही सगळी थट्टा वाटते, एका वाक्यात नाही म्हणेल आणि विषय संपेल. चहा झाला. बाईने विचारलं, त्या दक्षिण टोकाच्या कड्याला तुम्ही लोक काय म्हणायचात?

आई म्हणाली, "धुण्याचा कडा. तिथे वारा बरा. पडदे तिथेच वाळायचे."

मी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं. पण बाईने नेमाप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला. तिथे कुणा बाईने उडी घेतल्याची गोष्ट तुमच्या वेळी सांगितली जायची का, आणि तिचा नवरा बुडाला होता का. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवरा बुडाला, हे खरं आहे. मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

बाई गेल्यावर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आईचं म्हणणं तेवढं लिहिते, कारण ते तुझ्याही बाजूचं आहे आणि माझ्याही, आणि मला ते दोन्ही अर्थांनी गिळवत नाही.

पावसाळा संपल्यावर तपासणीची बोट आली. साहेबाने विचारलं, रखवालदार कुठे आहे. ती म्हणाली, बुडाला. साहेबाने टोपी काढली. खाडीपलीकडच्या बायका दुसऱ्या दिवशी ताटं झाकून घेऊन आल्या. महिन्याभरात तिला दिव्यावर मदतनीस म्हणून ठेवून घेतलं, राहायची जागा तीच राहिली. मी म्हटलं, पण खरं सांगितलं असतं तरी दिलीच असती ना नोकरी, दिवा तू चालवत होतीस. तर ती म्हणाली:

"बुडालेल्याच्या बायकोला लोक जेवण आणून देतात. सोडून गेलेल्याच्या बायकोला लोक विचारतात, तू काय केलं होतंस."

मी म्हटलं, मी त्यांना शाळेत पाहिलं होतं. म्हणाली, "माहीत आहे. सुट्टीत नव्या पेन्सिलींचा डबा घेऊन आलीस. मी विचारलं का तुला कुठून आणलास?"

ठमे, मी त्या डब्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाही, हे माझं एकमेव चांगलं खोटं होतं असं मला वाटत होतं. तेही तिला माहीत होतं.

मग मला कळेना की मी आता भांडते आहे ते नेमकं कुणासाठी. मी तिला सरळ विचारलं, बोटीवर ती गोष्ट ऐकताना तुला राग नाही आला? ती खिडकीकडे वळली. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. मग म्हणाली की वाट बघायची म्हणाला तेव्हा थोडं हसू आलं, पण तो मुलगा पोटासाठी बोलत होता, बोलू दे. बुडाला म्हणाला तेही राहू दे, ते माझंच आहे. "उडी मात्र काढायला सांग तिला. दिवा लावायची वेळ सोडून मी कुठे गेले असते?"

एवढंच. तिला त्या कथेत प्रेमाचं वावडं नाही, मरणाचंही नाही. काम टाकून गेली, हे तिला सहन होत नाही.

म्हणून मी माझी पहिली मागणी बदलते आहे. मला हे आवडलेलं नाही, आवडणार नाही. वडील खोटं बुडाले ते बुडालेलेच राहू देत. भोंग्याला सांग, वादळ खुशाल आण, विरह खुशाल आण. पण कथेतली बाई शेवटी दिवा लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काच पुसते. यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत तर नाही वाजवल्या. पांढरं वस्त्र पडदा होतं हेही सांगायचं. भिंगाने गवत पेटतं हे ऐकून लोक तुझ्या विरहिणीपेक्षा जास्त दचकतील, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

अर्जाचं काय ते ऐक. बाईला साक्ष अजून मिळालेली नाही. आई तिला म्हणाली की घरात बसून कड्याचं नाव सांगायला मी काही कारकून नाही, कड्यावर उभी राहून सांगेन. बाईने मान डोलावली, कारण नियमात तेही आहे. जागेवर दिलेली साक्ष पक्की धरतात. मीच तो नियम जपला आहे इतकी वर्षं.

याचा अर्थ मला तिला तुझ्या दारात आणावं लागणार.

तू वर्षानुवर्षं म्हणत आलीस की मी आईला डोळ्यांच्या उपचाराचं निमित्त करून नेलं आणि परत आणलं नाही. उपचार झाले, डोळे सुधारले, इथे तिला काही कमी नाही. चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे. ती कधी जाऊ या म्हणाली नाही, असं मी तुला सांगत आले. ती म्हणाली नाही हे खरं आहे. फेब्रुवारीत बोटीत बसायचं ठरवलं ते तिने नाही, मी. पायऱ्यांपाशी ती उठून उभी राहिली होती आणि मी तिला बसवलं, हेही खरं आहे. आता तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आणि मी रोज तिच्यातून चष्म्याचं घर काढून देते आणि ती परत आत ठेवते. ती तिथून इकडे यायला निघेलच अशी मला खात्री नाही. यावर तू काही एक बोलायचं नाही. मी आल्यावर तर मुळीच नाही.

तेव्हा पुढील गोष्टी मला तुझ्याकडून हव्या आहेत. 'विरहिणीचा कडा' या नावाचा अर्ज मागे घेतल्याचं पत्र, कार्यालयाला आणि नक्कल इकडे. 'धुण्याचा कडा' या नावाला तुझी साक्ष. भोंग्याच्या नव्या गोष्टीचा मजकूर, शब्द न् शब्द, छापण्याआधी. आईसाठी खालची खोली, रस्त्याकडची नाही, टोकाकडची. माझ्यासाठी कुठलीही, फक्त भिंतीवर ती केस उडवणारी मुलगी नको. धक्क्याच्या पायऱ्यांना चुना. आणि आई किती दिवस राहील हा प्रश्न तू मला विचारायचा नाहीस, मी तुला विचारणार नाही.

वरील सर्व गोष्टींचं उत्तर लेखी पाहिजे, आणि गुरुवार, २८ मार्च, दुपारी बारा वाजण्याच्या आत इथे पोहोचलेलं पाहिजे, कारण कार्यालयाचं काम महिनाअखेरीला बंद होतं. फोन करू नकोस, फोनवर तू रडतेस आणि मग मी तो ठेवते. चिठोरं चालणार नाही, पूर्ण कागद वापर. पत्र रजिस्टरने पाठव आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस. आईचं घाल, पूर्ण. टपालवाल्याने बेल वाजवली की ती स्वतः उठून दारापर्यंत जाते आणि स्वतःच्या हाताने सही करते.

तुझी
ताई